तुम्ही कोणत्या जागेवर खेळत होतां?

क्रिकेटचे दोन जुने खेळाडू उतारवयांत भेटले, म्हणजे धांवा, बळी आणि झेल यांचा हिशेब निघतो. फुटबॉलचे भेटले, तर कोणीं किती गोल केले याची चर्चा होते. रग्बीच्या हौशी खेळाडूंची रीत मात्र थोडी निराळी आहे. वेल्समधील एखाद्या क्लबांत, आयर्लंडमधील लिमरिक शहरांत किंवा न्यूझीलंडच्या एखाद्या खेडेगांवांत साठी उलटलेले दोन अनोळखी गृहस्थ शेजारीं बसले आणि दोघेहि तरुणपणीं रग्बी खेळत असत असें कळलें, कीं पहिला प्रश्न बहुधां ठरलेला असतो : "तुम्ही कोणत्या जागेवर खेळत होतां?" उत्तरहि एका शब्दाचें किंवा एका आंकड्याचें असतें. "प्रॉप." "सात नंबर." "विंग." एवढें सांगितलें म्हणजे पुढची ओळख करून द्यावी लागत नाहीं. ऐकणारा समोरच्या माणसाचे खांदे व कान एकदां न्याहाळतो आणि खुर्ची जवळ ओढतो.

एका जागेच्या नांवांत एवढें काय सांठलेलें असतें, हें समजण्यासाठीं प्रथम खेळाची मांडणी पाहिली पाहिजे. इंग्लंडमधील वॉरिकशर परगण्यांत रग्बी नांवाचें गांव आहे. तेथील शाळेंत हा खेळ वाढला. १८२३ मध्यें विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्यानें फुटबॉल खेळतांना चेंडू हातांत घेऊन धूम ठोकली व त्यांतून रग्बीचा जन्म झाला, अशी कथा सांगतात. कथेला भक्कम पुरावा नाहीं. परंतु १८४५ मध्यें त्याच शाळेंतील मुलांनीं खेळाचे नियम लिहून काढले, ही गोष्ट पक्की आहे. १८७१ मध्यें एकवीस क्लबांनीं मिळून लंडन येथें रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली आणि त्याच वर्षीं मार्च महिन्यांत एडिंबरा येथें स्कॉटलंड व इंग्लंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्या वेळीं प्रत्येक बाजूस वीस खेळाडू असत. आंतरराष्ट्रीय सामन्यांत १८७७ पासून पंधरा जणांची प्रथा पडली व ती आजतागायत चालू आहे.

खेळाचा एकच नियम ध्यानांत ठेवला तरी पुष्कळ गोष्टी उलगडतात. चेंडू हातानें पुढें फेकतां येत नाहीं. तो घेऊन पळावें, लाथेनें पुढें मारावा, किंवा आपल्या मागें असलेल्या साथीदाराकडे फेकावा. त्यामुळें चेंडू ज्याच्या हातीं, तो आपल्या संघाच्या पुढें एकटा सांपडतो आणि प्रतिपक्षाचे सारे हात त्याच्यावर येऊन पडतात. विरोधकांच्या गोलरेषेवर किंवा तिच्या पलीकडे चेंडू जमिनीस टेकविला, म्हणजे 'ट्राय' होतो. १९९२ पासून त्याचे पांच गुण धरतात. हें साधावयाचें तर संघांत दोन प्रकारचीं माणसें हवींत : झुंजून चेंडू मिळविणारीं आणि मिळालेला चेंडू घेऊन धांवणारीं. पहिल्या प्रकारचे आठ, त्यांस फॉरवर्ड म्हणतात. दुसऱ्या प्रकारचे सात, ते बॅक. सदऱ्यावरील आंकडाहि मुळांत जागेचा असतो, माणसाचा नव्हे. आज एक नंबरचा सदरा ज्यानें घातला तो डावीकडील प्रॉप. पुढच्या शनिवारीं त्या जागीं दुसरा कोणी आला, तर सदरा त्याचा. इंग्लंडमधील लेस्टरच्या क्लबांत कित्येक वर्षें आंकड्यांऐवजीं अक्षरें असत. तेथील पहिल्या रांगेच्या त्रिकुटास त्यावरून 'ए-बी-सी क्लब' असें लाडकें नांव पडलें होतें.

प्रेक्षकांना सर्वांत कमी दिसणारी आणि जुन्या खेळाडूंच्या गप्पांत सर्वांत अधिक येणारी जागा या पहिल्या रांगेची. खेळांत किरकोळ चूक झाली, म्हणजे दोन्ही बाजूंचे आठ-आठ फॉरवर्ड वांकून, बैलांनीं शिंगें भिडवावींत तसे एकमेकांस भिडतात. याला स्क्रम म्हणतात. मधल्या बोगद्यांत चेंडू सोडला जातो व तो पायानें आपल्या बाजूस ओढून घ्यावयाचा असतो. पहिल्या रांगेंत तिघे असतात. मधला तो हूकर. हूक म्हणजे आंकडा. पायाचा आंकडा करून चेंडू मागें ओढणें हें त्याचें काम. त्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या अंगाभोंवतीं गुंतलेले, मागून आपल्या लोकांचा रेटा, समोरून परक्यांचा. अशा कोंडमाऱ्यांत एका पायावर तोल सांभाळून दुसरा पाय अचूक चालवावयाचा. त्याच्या दोन्ही अंगांस प्रॉप, म्हणजे टेकू. खचणाऱ्या भिंतीस लांकडाचा टेकू देतात, तसे हे दोघे हूकरला तोलून धरतात. डावीकडचा लूजहेड, त्याच्या डोक्याची डावी बाजू मोकळी असते. उजवीकडचा टाइटहेड, त्याचें डोकें समोरच्या दोघांच्या मध्यें चेपलेलें असतें आणि दोन्ही खांद्यांवर भार येतो. लांबून पाहणाऱ्यास हे दोघे सारखेच दिसतात; परंतु दहा वर्षें डावीकडे खेळलेल्या माणसास एक दिवस उजवीकडे उभें केलें, तर त्यास परक्या घरांत रात्रीं अंधारांत वावरल्यासारखें होतें.

पहिल्या रांगेंतील जुनी मंडळी बोलतात तीं याच बारकाव्यांविषयीं. अमुक गांवचा प्रॉप तिरका कसा शिरत असे, तमक्याच्या वाढलेल्या दाढीनें गाल कसा सोलवटून निघे, चिखलांत टांच कोठें रोवावी, दम केव्हां राखावा. ज्यास प्रेक्षकांनीं कधीं पाहिलें नाहीं असें हें सारें ज्ञान आहे आणि तें दुसऱ्या पहिल्या रांगवाल्यासच सांगून कळतें. त्यांच्या कानांवरहि या जागेची मोहोर उठलेली असते. कानाचें वरचें पान कूर्चेचें असतें. तें वारंवार घासलें व चेपलें गेलें, म्हणजे कातडी आणि कूर्चा यांच्यामध्यें रक्त सांठतें. तें वेळींच काढून टाकलें नाहीं तर घट्ट होतें आणि कान फुलकोबीसारखा सुजट, गांठाळ होऊन बसतो. कुस्तीच्या आखाड्यांतील असे कान आपल्याकडे परिचयाचे आहेत.

पहिल्या रांगेच्या मागें दोन लॉक. लॉक म्हणजे कुलूप. पुढच्या तिघांच्या कमरांमधील फटींत डोकें घालून ते सबंध बांधणी पक्की करतात. हे बहुधां संघांतील सर्वांत उंच गडी असतात, कारण चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर जो लाइनआउट होतो त्यांत उंच उडून चेंडू झेलावयाचा असतो. येथें एक पिढीचा भेद नजरेस येतो. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून उडी घेणाऱ्यास साथीदारांनीं उचलून धरण्याची मोकळीक मिळाली. त्यापूर्वींचे लॉक स्वतःच्या पायांच्या बळावर उडत, आणि उडतांना शेजाऱ्याचीं कोंपरें बरगड्यांत खात. म्हणून जुना लॉक आजचा लाइनआउट पाहून नापसंतीनें हंसतो. त्या काळीं चेंडू आंत फेकण्याचें कामहि विंगचा खेळाडू करीत असे. पुढें तें हूकरकडे आलें. स्क्रमच्या दोन्ही बाजूंस असणारे फ्लँकर हे चेंडू बाहेर पडतांच प्रथम धांवून जाणारे. सहा नंबरचा अरुंद बाजूस, सात नंबरचा मोकळ्या बाजूस; दक्षिण आफ्रिकेंत हे दोन आंकडे उलट आहेत, त्यामुळें दोन देशांचे म्हातारे "मी सहा होतों" असें म्हणाले तरी दोघांचें काम एक नसतें. सर्वांत मागें एकटा असतो त्यास शेवटपर्यंत नांवच मिळालें नाहीं. तो नुसता 'नंबर एट'.

बॅकांच्या जागांचीं नांवें अंकगणिताच्या वर्गांतून आल्यासारखीं आहेत. फॉरवर्डांच्या मागें किती अंतरावर उभें रहावयाचें त्यावरून तीं पडलीं : अर्ध्या अंतरावर हाफ-बॅक, पाऊण अंतरावर थ्री-क्वार्टर, सर्वांत मागें फुल-बॅक. अर्धा, पाऊण, पूर्ण. न्यूझीलंडच्या लोकांस अर्धा आणि पाऊण यांच्या दरम्यान आणखी एक मनुष्य हवासा वाटला. अर्धा म्हणजे चार अष्टमांश, पाऊण म्हणजे सहा अष्टमांश. तेव्हां मधल्यास त्यांनीं 'फाइव्ह-एट्थ', म्हणजे पांच अष्टमांश, असें नांव दिलें. तें तेथें आजहि चालतें. इंग्लंडांत ज्यास फ्लाय-हाफ म्हणतात त्यासच आयर्लंडांत आउट-हाफ आणि न्यूझीलंडांत फर्स्ट फाइव्ह-एट्थ म्हणतात. नांवें तीन, आंकडा मात्र सर्वत्र दहाच.

नऊ नंबरचा स्क्रम-हाफ हा पुष्कळदां अंगानें लहान, तोंडानें मोठा. आठ धिप्पाड माणसांच्या पायांखालून चेंडू काढून तो बाहेर पोंचविणें आणि त्या आठांस ओरडून कामास लावणें, हीं दोन्हीं कामें त्याचींच. दहा नंबरचा संघाचा कारभारी; चेंडू लाथाडावा, पळवावा कीं पुढें द्यावा याचा निर्णय त्याला क्षणांत घ्यावा लागतो. बारा व तेरा नंबरचे सेंटर प्रतिपक्षाची भिंत फोडतात आणि आपली राखतात. अकरा व चौदा नंबरचे विंगवाले दोन कडांना उभे. टाळ्या त्यांच्या वांट्यास अधिक येतात, पण त्यांच्या आठवणींत थंडीहि पुष्कळ असते. ब्रिटनच्या जानेवारींत चेंडूची वाट पाहत उभें राहून बोटें बधिर होत, आणि तासाभरानें एकदांचा चेंडू आला कीं तो नेमका त्या बधिर बोटांतून निसटे. पंधरा नंबरचा फुल-बॅक म्हणजे शेवटची राखण. आकाशांतून खालीं येणारा चेंडू, समोरून धांवत येणारे विरोधक आणि चहूंकडे रिकामी जागा. त्यानें चेंडू सोडला, तर ती चूक सर्वांस दिसते.

आतां या जागा मिळत कशा, हें पाहण्यासारखें आहे. शाळेंत पुष्कळदां शिक्षक मुलाच्या बांध्यावरून ठरवीत : उंच तो लॉक, रुंद तो प्रॉप, चपळ तो विंग. हौशी क्लबांत मात्र योगायोगाचें राज्य असे. एकेक क्लब तीन-तीन, चार-चार संघ उभे करी. शनिवारीं सकाळीं कोणी आजारी पडे, कोणाची गाडी चुके, कोणाच्या घरीं लग्न निघे. मग कप्तान उरलेल्यांकडे पाहून, ज्यानें जन्मांत स्क्रममध्यें डोकें घातलें नाहीं त्यास हूकर नेमी. एका दुपारची ही अडचण कित्येकांच्या बाबतींत पंधरा वर्षें टिकली. तरुणपणीं विंग, लग्न झाल्यावर सेंटर, पोट सुटल्यावर फ्लँकर आणि सरतेशेवटीं प्रॉप, असा हौशी खेळाडूचा कडेकडून मध्याकडे होणारा प्रवास थट्टेनें सांगतात, आणि त्यांत तथ्यहि पुष्कळ आहे. १९६८ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यांतसुद्धां जखमी खेळाडूच्या जागीं दुसरा घेतां येत नसे. ज्याचा पाय दुखावला तो लंगडत एका विंगवर जाऊन उभा राही व त्याची जागा दुसरा कोणी भरून काढी. आपल्याकडील आट्यापाट्यांच्या खेळांत ज्याची पाटी त्यानेंच धरावी लागते. रग्बींत जागा रिकामी ठेवतां येत नाहीं, हा तितकाच कडक धर्म होता.

कांहीं जागा काळाच्या ओघांत उदयास आल्या, कांहीं नाहींशा झाल्या. १८८४ मध्यें कार्डिफच्या क्लबानें तीनऐवजीं चार थ्री-क्वार्टर खेळविले. पुढें वेल्सनें ती पद्धति उचलली व मग ती सर्वत्र पसरली. १९०५ मध्यें न्यूझीलंडचा संघ ब्रिटनमध्यें आला तेव्हां त्याच्या स्क्रममध्यें सातच जण असत आणि कप्तान डेव्ह गॅलहर हा मोकळा राहून 'रोव्हर' म्हणून खेळे. ब्रिटिश प्रेक्षकांस ही लबाडी वाटे, न्यूझीलंडच्या लोकांस युक्ति. १९३० नंतरच्या दशकांत नियम बदलून ही जागाच बंद झाली. गॅलहर त्याआधींच, १९१७ मध्यें, बेल्जममधील पॅशनडेलच्या लढाईंत पडला होता. आज त्याच्या जागेवर खेळलेला एकहि मनुष्य हयात नाहीं. ती जागा आतां केवळ पुस्तकांत उरली आहे.

हौशी शब्दाचा अर्थहि येथें स्पष्ट केला पाहिजे. १८९५ मध्यें उत्तर इंग्लंडांतील क्लबांनीं कामगार खेळाडूंची बुडालेली मजुरी भरून देण्याचा आग्रह धरला. तो मान्य न झाल्यामुळें हडर्सफील्ड येथें ते फुटून निघाले व त्यांतून पुढें तेरा जणांचा रग्बी लीग हा निराळा खेळ झाला. पंधरांच्या खेळांत पैसा घेण्यास १९९५ पर्यंत बंदी होती. म्हणजे शंभर वर्षें या खेळाडूंस मिळे तें काय? सामन्यानंतरचें गरम पाणी, एकत्र जेवण आणि एक जागा. विंगच्या खेळाडूनें ट्राय केला, तर निदान गांवच्या वर्तमानपत्रांत त्याचें नांव छापून येई. टाइटहेडनें ऐंशी मिनिटें आपली बाजू खचूं दिली नाहीं, हें मात्र कोठेंच नोंदलें जात नसे. तें ठाऊक असे त्याच्या शेजारच्या हूकरला आणि समोरच्या विरोधकाला. त्यामुळें जुने खेळाडू जागेविषयीं बोलतात, तेव्हां ते एक प्रकारें न लिहिलेली नोंदवही वाचीत असतात.

या नोंदवहींतील एक पान आपल्या देशांतलें आहे. १८७३ मध्यें कलकत्ता येथें इंग्रजांनीं रग्बीचा क्लब काढला. तो फार काळ चालला नाहीं. १८७८ मध्यें तो मोडला, तेव्हां सभासदांनीं शिलकेचे चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविला व तो इंग्लंडच्या युनियनला अर्पण केला. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झांकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड हे 'कलकत्ता कप' म्हणून त्यासाठींच झुंजत आले आहेत. मुंबईंतहि १८७५ मध्यें स्थापन झालेल्या जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्याच्या चिखलांत रग्बीची परंपरा टिकली. भारताचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ मध्यें खेळला. हा खेळ आतां पुरुषांपुरताहि राहिलेला नाहीं. १९९१ मध्यें वेल्समध्यें स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तेव्हांपासून "मी नऊ नंबरला होतें" असें सांगणाऱ्या आज्याहि आढळूं लागल्या आहेत.

वय झालें तरी आपली जागा सोडवत नाहीं, हें जपानांत फार मौजेनें दिसतें. तोकिओ येथें १९४८ मध्यें चाळिशीपुढील खेळाडूंसाठीं 'फुवाकु' नांवाचा क्लब निघाला. चाळिसाव्या वर्षीं मनाचा संदेह फिटतो, या कन्फ्यूशिअसच्या वचनावरून तें नांव घेतलें आहे. तेथें वय चड्डीच्या रंगावरून ओळखतात : साठीतले तांबडी, सत्तरीतले पिवळी, ऐंशीतले जांभळी. समोर कोणता रंग आहे हें पाहून किती जोरानें धरावें हें तरुण म्हातारे ठरवितात.

परंतु या सर्व आठवणींवर अलीकडे एक सांवट पडलें आहे, आणि तें दृष्टीआड करून चालणार नाहीं. डोक्यास बसणारे आघात, मग ते मूर्च्छा आणणारे मोठे असोत किंवा पुन्हां पुन्हां बसणारे लहान असोत, पुढें मेंदूच्या ऱ्हासास कारण होऊं शकतात असें वैद्यकीय संशोधनांतून दिसूं लागलें आहे. स्टीव्ह टॉम्प्सन हा २००३ मध्यें जागतिक अजिंक्यपद मिळविणाऱ्या इंग्लंडच्या संघाचा हूकर. तो पुढच्या पिढींतील, पैसे घेऊन खेळणारा. बेचाळिसाव्या वर्षीं त्याला स्मृतिभ्रंशाचें निदान झालें आणि २०२० च्या डिसेंबरांत त्यानें जाहीरपणें सांगितलें, कीं तो अंतिम सामना जिंकल्याचें त्याला मुळींच आठवत नाहीं. ज्या दिवसाची आठवण लक्षावधि लोकांनीं जपून ठेविली, ती प्रत्यक्ष त्या जागेवर उभा असलेल्या माणसाजवळ उरलेली नाहीं. त्याच्यासारख्या अनेक माजी खेळाडूंनीं खेळाच्या नियामक संस्थांवर दावे लावले आहेत.

यावर उपाय चालू आहेत. २०१३ पासून स्क्रममध्यें दोन्ही बाजूंच्या प्रॉपांनीं आधीं परस्परांची पकड घ्यावयाची व मगच भिडावयाचें, असा नियम झाला; त्यामुळें पूर्वींची ती धाडकन् बसणारी धडक सौम्य झाली. पहिल्या रांगेचें शिक्षण घेतलेले पुरेसे खेळाडू नसतील, तर न रेटतां नुसता नांवापुरता स्क्रम करावा लागतो. इंग्लंडच्या हौशी खेळांत २०२३ पासून समोरच्यास छातीच्या हाडाखालींच धरावें असें ठरलें. डोक्यास मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूस बाहेर काढावें, असें पंचांस व शिक्षकांस शिकविलें जातें. जुन्या मंडळींपैकीं कांहींना हा खेळाचा नेभळटपणा वाटतो. ज्यानें न रेटतां केलेला स्क्रम पाहिला, तो जुना प्रॉप हळहळतो. त्याची हळहळ खोटी नाहीं. पण योगायोगानें हूकर नेमलेल्या त्या पोराच्या मानेवर त्या काळीं काय बेतलें असतें, हेंहि त्यालाच सर्वांत चांगलें ठाऊक आहे.

ब्रिटनमध्यें आतां स्मृति क्षीण झालेल्या वृद्धांस एकत्र बसवून जुन्या सामन्यांचीं छायाचित्रें दाखविणारे व त्यांना बोलतें करणारे गट आहेत. तेथें कोण जिंकलें होतें असें विचारून कोणास कोड्यांत टाकावयाचें नसतें. एखादा चेहरा, एखादा सदरा, चिखलानें भरलेला एखादा बूट यांतून कांहीं जागें झालें, तर तेवढ्यावर तासभर बोलणें होतें. रग्बीनें आडव्या, उभ्या, जाड्या, बारीक अशा प्रत्येक माणसास उभें राहण्यापुरती एक जागा दिली, ही त्या खेळाची खरी थोरवी. ती जागा म्हातारपणीं आठवूं शकेल इतकें डोकेंहि त्यानें शाबूत राहूं द्यावें, हें मागणें कांहीं जास्त नव्हे.